चक्करीची गोळी, थरथरणारे हात आणि बावीस वर्षांपासूनचे आमचे डॉक्टर

कृष्णाकाठ
१४ सप्टेंबर, रात्री ११:२०

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. डॉक्टरांचं नाव-गाव सांगणार नाही, कृपया विचारू नका.

आई ६८ वर्षांची. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एकटी राहते, मी पुण्यात. गेल्या वर्षी श्रावणात एका पहाटे ती उजव्या कुशीवर वळली आणि घर गरागरा फिरलं. उलटी झाली. शेजारच्या वहिनी तिला आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. आमच्या म्हणजे खरंच आमच्या. बाबा गेले त्या रात्री दोन वाजता पायजम्यावर स्कूटर काढून आलेले हेच. बाबांच्या शेवटच्या वर्षात घरी येऊन सलाईन लावायचे. तेव्हापासून आमच्याकडून फी घेत नाहीत. आईच्या मते त्यांच्या हाताला गुण आहे, आणि परवापरवापर्यंत माझंही तेच मत होतं.

त्यांनी चक्करीवर प्रोक्लोरपेराझिन दिलं, दिवसातून तीनदा. दोन दिवसांत चक्कर गेली. आई खूष.

दिवाळीत गेले तर चकलीचा सोऱ्या तिच्याच्याने दाबला जाईना. म्हणाली, पीठ घट्ट झालंय. पीठ चांगलं सैल होतं. संक्रांतीला तिळगूळ वळताना दोन्ही हात थरथरत होते, आणि चालताना पाय घासत होती. शेजारच्या वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काकू माझ्यावर रागावल्यात का? हल्ली हसतच नाहीत." आम्ही सगळ्यांनी ते एकटेपणावर ढकललं. डॉक्टर म्हणाले, वय झालं, आता असंच व्हायचं.

मार्चमध्ये त्यांनीच सांगितलं की कंपवात (पार्किन्सन) सुरू झालाय, आणि लेवोडोपा चालू केलं. त्यानं मळमळायला लागलं, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. मग काय, "चक्करीची गोळी आहे ना, ती चालूच ठेवा."

मे महिन्यात तिला पुण्याला आणून न्यूरॉलॉजिस्टला दाखवलं. त्यांनी आधी हात बघितलेच नाहीत. म्हणाले, "गोळ्यांची पिशवी टेबलावर ओता." त्यातून एक स्ट्रिप उचलली. "ही किती दिवस?" मी म्हटलं, नऊ महिने. त्यांनी ती बाकीच्या गोळ्यांपासून लांब ठेवली. म्हणाले, हा आजार नसून या गोळीचा परिणाम असण्याची शक्यता जास्त आहे, आधी ही थांबवू. लेवोडोपाही हळूहळू कमी करत बंद केलं.

आज चार महिने झाले. तिसऱ्या आठवड्यात आईनं स्वतः वेणी घातली. आता चालणं जवळपास पूर्वीसारखं आहे, उजव्या हाताला थोडा कंप उरलाय.

आता मूळ दुखणं. जूनमध्ये मी डॉक्टरांना भेटायला गेले. भांडायला नाही, सांगायला. ते म्हणाले, "तीस वर्षं देतोय मी ही गोळी. कुणाला काही झालं नाही. शहरातले डॉक्टर असंच बोलतात आणि तुम्ही लोक मोबाईलवर वाचून येता." मी म्हटलं, आईची फाईल एकदा बघाल का? फाईल त्यांच्यासमोर टेबलावर होती. त्यांनी उघडली नाही.

गोळी बाधली याचा राग मला इतका नाही. ती फाईल उघडली नाही हे डोक्यातून जात नाही. आई मात्र म्हणते, बीपी तपासायला मी त्यांच्याकडेच जाणार. तुम्ही काय केलं असतंत?

अर्धा_चहा
१४ सप्टेंबर, रात्री ११:५२

वाचून कसंतरी झालं. आई बऱ्या होतायत हे महत्त्वाचं. 'वय झालं' हे निदान आमच्या मामांनीही वर्षभर ऐकलं, शेवटी थायरॉईड निघाला.

खवचट
१५ सप्टेंबर, सकाळी ७:०५

यात नवल काय? सगळं कमिशनचं दुकान आहे. फुकट तपासणारा डॉक्टर तर सगळ्यात महाग पडतो. थेट ग्राहक मंचात खेचा.

कृष्णाकाठ
१५ सप्टेंबर, सकाळी ८:३०

@खवचट, त्या साध्या, जुन्या गोळीत त्यांना काय मिळणार? पैसे खाल्ले असते तर मला सोपं गेलं असतं हो.

निवृत्त_भूलतज्ज्ञ
१५ सप्टेंबर, सकाळी १०:१५

लांबलचक लिहितोय, सवड असेल तेव्हा वाचा. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

आपल्या हालचाली सुरळीत व्हायला मेंदूत डोपामिन नावाचं रसायन लागतं. कंपवातात ते बनवणाऱ्या पेशीच कमी होत जातात. प्रोक्लोरपेराझिनसारखी औषधं डोपामिन कमी करत नाहीत, ते जिथे जाऊन बसायचं तिथे स्वतः बसून राहतात. किल्ली खिशात आहे, पण कुलपात कुणी काडी मोडून ठेवलीय, तसं. बाहेरून दिसायला दोन्ही सारखंच: कंप, ताठरपणा, घासत चालणं, निर्विकार चेहरा, बारीक होत जाणारं अक्षर. तुमच्या शेजारणीला राग दिसला तो हाच चेहरा. फरक असा की कंपवात बहुधा एका बाजूनं सुरू होतो आणि औषधानं झालेला त्रास बरेचदा दोन्हीकडे एकदम दिसतो. तुम्ही 'दोन्ही हात' लिहिलंत तिथेच माझी पाल चुकचुकली. म्हाताऱ्या माणसांत अशी लक्षणं दिसण्याचं कंपवाताखालोखाल मोठं कारण औषधं हेच आहे.

या गटात एकच गोळी नाही. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड तसंच. चक्कर आणि अर्धशिशीसाठी महिनोन्‌महिने चालणारी सिनारिझिन आणि फ्लुनारिझिनही तसंच करू शकतात. आणि सगळ्यात लपून बसलेलं म्हणजे लेवोसल्पिराईड. आपल्याकडे ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलच्या जोडीला ते असतं. घेणाऱ्याला वाटतं, पित्ताची गोळी आहे.

मेटोक्लोप्रमाइडचा दुसरा खेळ मी ऑपरेशन थिएटरबाहेर पाहिलाय. विशीतली मुलगी, उलटीसाठी इंजेक्शन दिलेलं, आणि काही तासांत मान वाकडी, डोळे वर, जबडा घट्ट. नातेवाईक म्हणतात, बाहेरची बाधा. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं की काही मिनिटांत मुलगी सरळ. ते तरुणांत आणि झटकन होतं. म्हाताऱ्यांत हळूहळू होतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. अमेरिकेत २००९ साली या औषधावर ठळक इशारा छापायला लावला, १२ आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नका म्हणून. युरोपात २०१३ मध्ये मुदत जास्तीत जास्त ५ दिवसांवर आणली.

आता चक्कर. कुशीवर वळताना काही सेकंद घर फिरणं, हे वर्णन कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून भरकटल्याचं वाटतं. त्यावर खरा इलाज गोळी नाही. डोकं आणि मान ठरावीक क्रमानं वळवून ते कण परत जागेवर न्यायचे असतात. अमेरिकेतल्या जॉन एप्ली नावाच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी ही पद्धत बसवली, त्यांच्याच नावानं ओळखली जाते. काही मिनिटांचं काम. पहिले दोन-तीन दिवस उलट्या थांबायला गोळी ठीक, पुढे तिचं काम नाही.

म्हणजे चक्करीसाठी गोळी, गोळीनं कंप, कंपासाठी लेवोडोपा, लेवोडोपानं मळमळ आणि उभं राहिल्यावर बीपी खाली, त्याला पुन्हा 'चक्कर' म्हणायचं आणि पहिलीच गोळी चालू. वर्तुळ पूर्ण.

उरलेल्या कंपाबद्दल: बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ते काही महिन्यांत जातो, काहींचा जात नाही. काही वेळा आत दबलेला खरा कंपवात गोळीमुळे लवकर उघडा पडलेला असतो. सहा महिन्यांनीही कंप राहिला तर तुमचे न्यूरॉलॉजिस्ट डोपामिनचा स्कॅन सुचवतील. घाबरू नका, पण फेरतपासणी चुकवू नका.

सह्यकडा
१५ सप्टेंबर, दुपारी १:४०

डॉक्टरसाहेब, अप्रतिम प्रतिसाद. पण एक विचारू? हे सगळं इतकं माहितीतलं असेल तर तीस वर्षांच्या डॉक्टरला का सुचू नये?

निवृत्त_भूलतज्ज्ञ
१५ सप्टेंबर, दुपारी ४:२०

सुचायला हवं होतं. बचाव करत नाही. पण सकाळच्या ओपीडीत ऐंशी पेशंट असले की जुन्या केसपेपरवर 'कंटिन्यू' लिहायला तीन सेकंद लागतात आणि यादीतली प्रत्येक गोळी अजून का चालू आहे हे विचारायला दहा मिनिटं. मीही 'कंटिन्यू' लिहिलेलं आहे. शिवाय पेशंटच म्हणतो, तीच द्या, तिनं गुण आला होता.

गोळीवाला
१५ सप्टेंबर, रात्री ९:१०

मी काउंटरच्या या बाजूचा माणूस. मेडिकल आहे माझं, बारा वर्षं झाली. ताई, राग मानू नका, एक विचारतो. पहिली चिठ्ठी सापडते का बघा. त्यावर गोळीपुढे किती दिवस लिहिलेत? नऊ महिने गोळ्या कुणी दिल्या, कशावर दिल्या?

सांगतो का विचारतोय ते. आमच्याकडे लोक रिकामी स्ट्रिप घेऊन येतात. "ही द्या दोन." चिठ्ठी मागितली तर पुढच्या दुकानात जातात. स्ट्रिपवर डाव्या कडेला उभी लाल रेघ असते बघा, तिचा अर्थच मुळी चिठ्ठीशिवाय देऊ नये. देतात सगळे. मीही दिल्यात, खोटं कशाला बोलू.

कृष्णाकाठ
१६ सप्टेंबर, रात्री १२:४५

@गोळीवाला, तुमचा प्रश्न वाचून आधी रागच आला. मग फाईल काढली.

पहिल्या चिठ्ठीवर गोळीपुढे '७ दिवस' लिहिलंय. स्वच्छ.

आठव्या दिवसापासून आईनं मेडिकलमधून स्वतः आणल्या, कारण पुन्हा चक्कर येईल ही भीती. ऑक्टोबरात तिथे स्टॉक नव्हता, तर पुण्याहून तीन स्ट्रिपा मीच कुरिअर केल्या होत्या. मी. स्ट्रिपचा फोटो मागवून, इकडच्या मेडिकलमधून घेऊन. लिहिताना हे मला आठवलंसुद्धा नव्हतं, किंवा आठवायचं नव्हतं.

पण पुढची पानंही बघितली. नोव्हेंबर, जानेवारी, मार्च. तिन्ही वेळा त्यांच्या अक्षरात सगळ्या गोळ्यांची यादी आहे, त्यात ही आहे, आणि खाली 'कंटिन्यू ऑल'. म्हणजे सात दिवसांची गोळी तीन महिन्यांनी यादीत कशी, हे त्यांना दिसायला हवं होतं. मार्चमध्ये तर त्याच पानावर वर लेवोडोपा आणि खाली ही.

झोप येत नाहीये.

ओली_भेळ
१६ सप्टेंबर, सकाळी ६:३०

ताई, तुम्ही आईला चक्कर येऊ नये म्हणून गोळ्या पाठवल्यात. मुलीनं दुसरं काय करायचं असतं? सातच दिवस घ्या, पुढे घेतली तर हात कापतील, हे वाक्य कुणी बोललंच नव्हतं. ना डॉक्टर, ना मेडिकलवाला.

खवचट
१६ सप्टेंबर, सकाळी ७:१५

आता डॉक्टर सुटले आणि मुलगी अडकली. शाब्बास. मी नाव विचारणार नाही, पण तालुका तरी सांगा, म्हणजे बाकीचे सावध होतील.

ॲडमिन
१६ सप्टेंबर, सकाळी ९:००

नाव, गाव किंवा ओळख पटेल असा तपशील मागू नये, देऊ नये. पुढच्या वेळी प्रतिसाद उडवला जाईल.

काळा_कोट
१६ सप्टेंबर, सकाळी ११:२५

वकिली करतो, वैद्यकीय प्रकरणं थोडी पाहिलीत. ग्राहक मंचाचा विषय निघालाच आहे म्हणून: सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. पण तिथेच एक मेख आहे. जिथे सगळ्यांनाच मोफत सेवा असते ती त्या कक्षेत येत नाही. हे डॉक्टर इतरांकडून फी घेतात आणि तुमच्याकडून घेत नाहीत, त्यामुळे तुमचं प्रकरण आपोआप बाहेर पडेलच असं नाही, वाद होईल. तक्रारीची मुदत दोन वर्षं. तसंच औषधाचा दुष्परिणाम झाला एवढ्यानं हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. योग्य औषध योग्य मुदतीत देऊनही बाधू शकतं. इथे प्रश्न मुदतीचा आणि लक्षणं दिसल्यावर काय केलं याचा आहे.

खटला भरा अथवा न भरा, कागद ताब्यात घ्या. रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, तसं २००२ च्या नियमांत लिहिलंय.

गोळीवाला
१६ सप्टेंबर, दुपारी ३:३०

ताई, तुम्हाला टोचायला लिहिलं नव्हतं. मला वाटलंच होतं सात दिवस असतील.

एक करा. कोर्टाचं काय करायचं ते करा, पण हे सरकारदरबारी नोंदवा. औषधांच्या दुष्परिणामांची देशभर नोंद ठेवायला २०१० पासून कार्यक्रम चालू आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, कार्यालयीन वेळेत लागतो. रुग्णानं किंवा घरच्यांनी भरायचा फॉर्म मराठीतही मिळतो. वैद्यकीय महाविद्यालयांत यांची केंद्रं असतात, तिथेही देता येतो. यात डॉक्टरवर ठपका ठेवायचा नसतो. कुठलं औषध, किती दिवस, काय झालं, थांबवल्यावर काय झालं, एवढंच. गोळी थांबवल्यावर बरं वाटलं ही माहिती त्यांच्या दृष्टीनं फार मोलाची.

टोरांटोची_मावशी
१६ सप्टेंबर, रात्री ८:५०

इकडे औषध घेताना फार्मासिस्ट बाजूला घेऊन काय घ्यायचं, किती दिवस, काय झालं तर फोन करायचा हे सांगतो, छापील कागद पिशवीत टाकतो. माझ्या नवऱ्याच्या दहा गोळ्या आहेत तर वर्षातून एकदा बसवून सगळ्यांची उजळणी करतात. अर्थात डॉक्टरची वेळ मिळायला मात्र केस पांढरे होतात. रात्री दोनला पायजम्यावर येणारं इथे कुणी नाही.

सह्यकडा
१६ सप्टेंबर, रात्री १०:१०

मावशी, शेवटचं वाक्य कळीचं. धाग्यावर सगळे गोळीबद्दल बोलतायत, मूळ प्रश्न आईंनी परत तिथे जावं का हा होता. मी म्हणेन, जाऊ नये. चूक कुणाचीही होते. चूक दाखवल्यावर जो फाईल उघडत नाही, तो पुढची चूकही बघणार नाही.

निवृत्त_भूलतज्ज्ञ
१७ सप्टेंबर, सकाळी ९:४०

@सह्यकडा, बऱ्याच अंशी सहमत. फक्त एवढंच की डॉक्टर त्या क्षणी फाईल उघडत नाही याचं कारण दर वेळी माज नसतं. कधी आत काय सापडेल हे त्याला उघडायच्या आधीच कळलेलं असतं.

कृष्णाताई, एक सुचवतो. तारखांसकट क्रम मांडा: गोळी कधी सुरू, सोऱ्या कधी, थरथर कधी. न्यूरॉलॉजिस्टनाही उपयोग होईल आणि फॉर्मलाही.

कृष्णाकाठ
२३ सप्टेंबर, रात्री १०:३५

आठवडाभर आले नाही कारण गावी होते. बरंच घडलं.

क्रम मांडायला बसले तर आईला तारखा आठवेनात. मग माझी नजर भिंतीवरच्या कालनिर्णयवर गेली. आई रोजच्या चौकटीत दुधाचा हिशोब लिहिते, बाबा असल्यापासूनची सवय. जुनी कालनिर्णयं ती टाकत नाही, कपाटावर गुंडाळी असते. गेल्या वर्षीचं काढलं. जुलैत 'दूध १॥ लि., दही नाही, वहिनींना पाव दिलं' असं टपोरं, चौकट भरून. सप्टेंबरात ठीक. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून अक्षर आक्रसायला लागतं. डिसेंबरात मुंग्यांसारखं. यंदाच्या फेब्रुवारीत नुसता आकडा, आणि एप्रिलमध्ये तोही भिंग लावून वाचावा असा. जून रिकामा, कारण ती माझ्याकडे होती. ऑगस्टमध्ये परत 'दूध १ लि., सायीचं विरजण'. चौकटीबाहेर गेलेलं.

दोन वर्षांची पानं जमिनीवर शेजारी शेजारी पसरली. आई बघत राहिली. म्हणाली, "मला वाटलं पेन संपत आलंय."

दुसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेले तेवढ्यात ती दोन्ही कालनिर्णयं काखोटीला मारून एकटीच डॉक्टरांकडे गेली. मला न सांगता! पुढचं तिच्या तोंडून ऐकलेलं. तिनं टेबलावर पानं उलगडली आणि म्हणाली, डॉक्टर, हे माझं अक्षर. त्यांनी चष्मा बदलला. एकेक महिना उलटून बघितला. बराच वेळ. मग कोरा कागद पुढे करून म्हणाले, नाव लिहा. तिनं लिहिलं. तिचे मनगट, कोपर हलवून बघितले, चालायला लावलं. फाईल काढली, उघडली, आणि पहिल्या पानावर वरच्या बाजूला लाल पेनानं लिहिलं: प्रोक्लोरपेराझिन व त्या गटातली औषधं देऊ नयेत. माफी वगैरे नाही. चुकलं म्हणाले नाहीत. फक्त कंपाउंडरला म्हणाले, आपल्याकडे ही गोळी नेहमी नेणारे कोण कोण आहेत त्यांचे पेपर काढून ठेव.

बीपी १४०/८०.

निघताना आईनं पर्समधून दोनशे रुपये काढून टेबलावर ठेवले. ते नको नको म्हणाले. ती म्हणाली, "राहू द्या. फुकटात विचारायला संकोच वाटतो, म्हणून इतके दिवस विचारलं नाही."

मला ती हे सगळं भाजी निवडत सांगत होती. मी काय बोलणार?

अर्धा_चहा
२३ सप्टेंबर, रात्री १०:५८

आईंना साष्टांग नमस्कार.

सह्यकडा
२३ सप्टेंबर, रात्री ११:१५

लाल पेनानं लिहिलं हे चांगलं. तरी माझं मत अर्धंच बदललं.

कृष्णाकाठ
२३ सप्टेंबर, रात्री ११:३०

माझंही. फॉर्म भरलाय, कालनिर्णयचे फोटो जोडून. कुरिअरची तारीखही लिहिली.

ओली_भेळ
२४ सप्टेंबर, सकाळी ६:५०

हा धागा वाचून काल सासूबाईंचा गोळ्यांचा डबा उपसला. पित्ताची कॅप्सूल, मागे बारीक अक्षरात रॅबेप्रॅझोल आणि लेवोसल्पिराईड. दीड वर्ष चालू आहे. पाय जड झालेत म्हणतात, आम्ही गुडघ्याच्या डॉक्टरला दाखवतोय. आज बंद करू का?

निवृत्त_भूलतज्ज्ञ
२४ सप्टेंबर, सकाळी ८:१०

मनानं काही बंद-चालू करू नका. ज्यांनी दिली त्यांना आजच फोन करून दोनच गोष्टी विचारा: ही अजून लागते का, आणि पाय जड होण्याशी हिचा संबंध असेल का. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, यादी नको. फोनवर धड उत्तर मिळालं नाही तर फिजिशियनला दाखवा.

कृष्णाकाठ
२४ सप्टेंबर, सकाळी ८:२५

आणि त्या काही लिहितात का? किराण्याची यादी, भिशीची वही, काहीही. मागच्या वर्षीचं काढून शेजारी ठेवून बघा.

ओली_भेळ
२४ सप्टेंबर, सकाळी ८:४०

रामनामाची वही आहे. रोज एक पान. आणते.